पाचवा अंगठा

"मावशी, हे लाल दिसून राहिलं न, हे तुमचं," म्हणत गौतमनं कॉम्प्युटर पुष्पाकडे वळवला.

सौंसरच्या बाजारातलं त्याचं ऑनलाइन सेंटर. पुष्पाला वाचता येत होतं. पण पडद्यावरच्या रिपोर्टात तिला कळलं ते एवढंच, की नाव आपलं आहे, पत्ता रामाकोन्याचा आहे आणि खाली लाल पट्टी आहे. रश्मीच्या नर्सिंगच्या लोनचे कागद परत देताना बँकेचे साहेब म्हणाले होते, "तुमचं सिबिल खराब आहे, काढून पाहा." फी भरायची उद्या शेवटची तारीख. पोरगी घरी पेटी भरून बसली होती.

"मी तं जिंदगीत लोन नाई घेतलं रे बाबू."

"गटाचं आहे. हप्ते थकले. कुठं अंगठा दिला होता का?"

दिला होता. कसा नाही देणार? कंपनी कर्ज देते ते पाच बायांच्या गटाला. शेजारची अलका धरून चार जमल्या होत्या आणि ती दारात रडत उभी होती. तिच्या नवऱ्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मोहल्ल्यात कुणी हळद मागावी, कुणी अंगठा मागावा. नाही म्हणायची रीतच नव्हती. विहाराच्या ओट्यावर कंपनीच्या माणसानं मशीन पुढं केलं. कापूस वेचून घासलेला पुष्पाचा अंगठा रेशनच्या दुकानात चारदा दाबला तरी उमटत नसे. त्या दिवशी मात्र मेला पहिल्याच झटक्यात उमटला. पाचही जणींच्या नावावरचे पैसे अलकाच्या हाती गेले. नवरा काही वाचला नाही. पुढं कंपनीचा माणूस यायचा बंद झाला, तेव्हा बायांना वाटलं, मयतीचं घर पाहून सोडून दिलं त्यानं. दारात माणूस येत नाही म्हणजे कर्ज मिटलं, असा सगळ्यांचा सरळ हिशेब.

"कुठचं मिटते, मावशी. पाचही जणींचं असंच असन."

"मंग आता?"

"एक होऊ शकते. कर्ज माझं नाही, फसवलं, अशी तक्रार टाकतो. पण पैसे कोनं नेले थे लिहा लागन. पोलिसातबी रिपोर्ट द्या लागन. थो कागद दाखवून बँकेले लोन अन् कॉलेजले मुदत मागता येईन. देतीनच असं नाई." गौतमनं कीबोर्ड जवळ ओढला. "नाव काय त्या बाईचं?"

पुष्पानं दाराकडं पाहिलं. बाहेर पायरीवर अलका बसली होती. पुष्पाची पिशवी मांडीवर धरून. एकटी कुठं जाशील म्हणून आजची मजुरी बुडवून ती सोबत आली होती. पिशवीत दोघींच्या भाकरी होत्या, त्याही तिनंच थापलेल्या.

पुष्पाला राग आला. अलकाचा आला, त्या मशीनचा आला, सगळ्यात जास्त आपल्या अंगठ्याचा आला. मग पेटी भरून बसलेली रश्मी आठवली आणि नाव अगदी जिभेवर आलं.

"मावशी, नाव?"

"राहू दे," ती म्हणाली. "बंद कर थे."

ती बाहेर आली, तशी अलका लगबगीनं उठली.

"काय निघालं व?"

"काई नाई. बँकेत नाई होत म्हणते."

"नाई तं नाई! त्या बँकेच्या नादी कायले लागतं?" अलकानं पिशवी खांद्याला अडकवली. "मोहगावात नवीन कंपनी आली म्हणते, गट बांधून राहिली. आपल्या रश्मीसाठी पाचही जणी उभ्या राहू. त्या तिघीईले मी सांगतो."

पदरानं तिनं आपला अंगठा नीट पुसला आणि पुष्पासमोर धरला.

"पह्यला माहा घे."