माहेरचं नाव

लग्नात सासरच्यांनी तिचं नाव मंजुश्री ठेवलं, तरी नवरा संगमेश घरात तिला माहेरच्या नावानंच हाक मारायचा, सिद्धम्मा. चाकूरजवळ ट्रकनं उडवल्यावर डोक्याला असा मार लागला की त्याची वाचाही गेली आणि माणसांची ओळखही. ती एक हाक पुन्हा कानावर पडावी म्हणून ती दर सोमवारी महादेवाला बेल वाहत होती.

आज लातूरच्या कोर्टात भरपाईची सुनावणी होती. भरपाई मिळाली नाही तर त्याचं औषधपाणी बंदच.

"साहेब, हा माणूस बरा झालाय. हे सगळं नाटक आहे," विमा कंपनीचे वकील म्हणाले.

न्यायाधीशांनी मंजुश्रीकडं बोट दाखवून संगमेशला विचारलं, "या कोण?"

त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मग त्याचे ओठ हलले.

"सिद्धम्मा."

मंजुश्रीच्या हातातली गोळ्यांची पिशवी खाली पडली. न्यायाधीशांनी कागद चाळले. त्यात ते नाव कुठंच नव्हतं.

"बाई, ही सिद्धम्मा कोण?"



"कोण की, साहेब," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "त्यांला कुणाचीच वळख ऱ्हायली न्हाई."