दोन मिलिमीटर

शाफ्ट परत लाल झाला. देवरामने माऊस आपटला.

"काय नाटकं चालल्येत याची!"

भात झोडायच्या मशीनचे त्रेचाळीस भाग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकमेकांत छान बसले होते. दोन बाजूंच्या पत्र्यांतून आरपार जाणारा फिरता दांडा, म्हणजे हा एकटा शाफ्ट, तेवढा अडून बसला होता. डाव्या पत्र्याच्या भोकात घातला की उजवं भोक लाल. उजव्यात घातला की डावं लाल.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट नव्हती. भाग उचलायचा, जागेवर आणायचा, डोळ्याला बरा दिसला की खिळवून टाकायचा. नव्यात प्रत्येक भागाचं दुसऱ्याशी नातं सांगावं लागतं. हा याच्यात फिरणार, तो त्याला चिकटून राहणार. नातं जुळत नसेल तर हे सरळ लाल होऊन मोकळं. देवरामला हा स्वतःचा अपमान वाटत होता. मुरबाडच्या या कारखान्यात अकरा वर्षं त्याच्याच ड्रॉइंगवर मशीनी बनत होत्या. आणि आज सकाळी शेठ म्हणाले, "पाचपर्यंत मशीन पडद्यावर फिरवून दाखवा. नाहीतर उद्यापासून हर्षाली ड्रॉइंग करेल, तुम्ही स्टोअर सांभाळा."

स्टोअर म्हणजे नट-बोल्टच्या पेट्या. बायकोला काय सांगणार? ती बिचारी गावभर "आमचे हे इंजिनियर" करत फिरलेली.

साडेचार वाजले. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली हर्षाली शेजारी बसली होती. "काका, दोन्ही भोकांची उंची एकदा मोजू या ना," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"मोजायचं काय त्यात गो! मशीनी गावोगाव चालतायत. थांब, बारकूलाच विचारू."

बारकू फिटर. कारखान्यातली एकूण एक मशीन त्याच्याच हातून जोडली गेलेली. तो हात पुसत आत आला.

"बारकू, खरं सांग. आपल्या मशीनचा शाफ्ट कधी अडला का?"

"कधीच नाय, भाऊ."

सरपंचाची निवडणूक जिंकल्यासारखं देवरामने हर्षालीकडे बघितलं.

"उजव्या पत्र्याचं भोक वरच्या अंगाला दोन मिलिमीटर कानशीनं घासतो ना मी," बारकू पुढे म्हणाला. "अर्धा दिवस जातो. पण मग बसतो झटकन."

हर्षाली खिडकीबाहेर बघायला लागली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती. देवरामने मोजलं. डावं भोक चारशे वीसवर, उजवं चारशे अठरावर. आकडा त्यानेच टाकलेला, अकरा वर्षांपूर्वी. असली लाज वाटली की कान गरम झाले. त्याने अठरा पुसून वीस केलं. लाल गेलं, शाफ्ट सरळ बसला आणि अख्खी मशीन गरागरा फिरायला लागली.

पाचला शेठ आले. फिरती मशीन बघून खूश झाले. "जमलं की तुम्हाला! उद्या याच ड्रॉइंगवर पत्रे कापायला घ्या," म्हणाले आणि गेले.

देवरामचा जीव भांड्यात पडला. खुर्ची वाचली होती. मग मात्र राग उसळला, आणि तो निघाला बारकूवर.

"अकरा वर्षं घासत बसलास, बारकू! एकदा तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

बारकू पडद्यावरच्या शाफ्टकडे बघत होता. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"मला वाटलं, तुमी मुद्दाम ठेवता," तो म्हणाला. "सगळंच बरोबर बसलं तर फिटरला कोण ठेवील? दर दसऱ्याला तुमच्या नावाचा वेगळा नारळ फोडतो मी, भाऊ."