वाळूची पिशवी

"परत! डगमगलीस."

आप्पांनी बाकावरून हाक दिली आणि शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्यावरची वाळूची पिशवी तिनं दाणकन खाली टाकली. मुकुंदवाडीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या जिममधले चार जण वळून बघायला लागले.

"फेकायची नाय. उतरवायची," आप्पा म्हणाले.

शिकवणारे श्रीनिवास सर मध्ये पडले. "आप्पा, तिला येऊन जेमतेम महिना झालाय. आधी रिकामा रॉड, बैठका, मग हळूहळू वजन. आणि एकाच खांद्यावर नको. दोन्ही बाजू सारख्या तयार व्हायला हव्यात."

"तुमचं तुम्ही शिकवा की सर. मी कुठं नको म्हणतो? शेवटची दहा मिनटं तेवढी माझी. आन् उजवाच खांदा."

शीला दातओठ खात पाणी प्यायली. तिनं अंगाचं वजन उतरवलं होतं ते रागानं, आणि त्या रागात बापाचा वाटा मोठा होता. दोन वर्षांपूर्वी पाचोडला तिची माय, बानाबाई, गेली. भाऊ नाही, बहीण नाही. एकुलती एक लेक म्हणून शीला तिरडीला खांदा द्यायला पुढं झाली, तर सखाराम चुलत्यानं दंडाला धरून तिला मागं ओढलं. "तू नको. तुझ्या अंगानं तिरडी कलंडंल. चार पावलांत धापा टाकशील." मयताला आलेली माणसं ती, पण तिथंही दोघं-तिघं हसलेच.

आप्पा मडकं धरून पुढं उभे होते. मान खाली. हूं नाही की चूं नाही. सखारामचं एक सोडा, तो जन्माचा हलकट. पण बापानं तोंड उघडू नये?

त्या दिवसापासून तिनं साखर सोडली, भाकरी अर्ध्यावर आणली, पहाटे स्टेशनपर्यंत ताडताड चालत जायला लागली. तीस किलो उतरलं. घरात एकच स्वयंपाक, म्हणून आप्पांनाही तेच ताट. तेही वाळले. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. शेजारची लीलाबाई म्हणायची, "बापलेकीनं एकच उपास धरलाय जणू!"

पण आप्पांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघेल तर शपथ. उलट एक दिवस म्हणाले, "नुसतं वाळून काय उपेग? अंगात जोर कुठंय?" आणि दोनदा भिंतीला टेकत जिना चढून स्वतःच तिचं नाव घालून आले. वर रोज बाकावर बसून हे असं हाकणं. मेंढरं विकली तरी हाकायची खोड जाते थोडीच!

"उचल," आप्पा म्हणाले. "हळू चाल, पळायचं नाय. शेजारी कुणीतरी चालतंय असं समज. त्याच्या पावलाला पाऊल. मधी एकदाच टेकवायची, मंग थेट."

शीलानं पिशवी उचलली. रागाच्या भरात ती अर्ध्यापर्यंत नीट गेली, टेकवली, पुन्हा खांद्यावर घेतली. मानेला पोतं घासत होतं. आरशाशी पोचता पोचता गुडघा लचकला.

"परत!"

आता मात्र तिचा बांध फुटला.

"बस झालं आप्पा! काल बाजाराला म्हणून पाचोडला गेलात आणि सखारामकाकाच्या ओट्यावर बसून चहा पिऊन आलात. सगळं कळलंय मला. लाज नाय वाटली? त्यानं मायच्या तिरडीपासून मला हाकललं तेव्हा तुमची वाचा बसली होती. आणि हितं, चार लोकांत, माझ्यावर ओरडायला लई जोर येतोय तुम्हाला!"

सरांनी गाणी बंद केली. कुणीतरी हातातले डंबेल्स आवाज न करता खाली ठेवले.

"व्हय," आप्पा म्हणाले. "तवा बोललो नाय."

ते उठले. भिंत धरत कोपऱ्यातल्या वजनकाट्यापाशी गेले, चपला काढल्या आणि वर उभे राहिले. शीला रागानं तिकडं बघत होती. तिनं काट्यावरचा आकडा वाचला. मग जवळ जाऊन पुन्हा वाचला.

"डाक्टर म्हणला, अजून उतरंल," आप्पा म्हणाले. "चौघांत वाटलं की तुझ्या वाट्याला लई नाय येणार. सखारामला काल तेच सांगून आलो, म्होरला उजवा खांदा माझ्या लेकीचा."