शनिवारची बोट

गुरुवारी सकाळी पावणेदहाला सोमाटण्याच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि रतनला म्हणाले, "आम्ही खूप प्रयत्न केले." त्याची बायको रेणुका पहाटे चहा ठेवता ठेवता खाली बसली होती, ती पुन्हा उठलीच नाही. वय एक्केचाळीस. रतन डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

रेणुकाचा भाऊ आकाश पिंपरीहून आला होता. त्यानं रतनला बाजूला घेतलं. "दाजी, इथलं कागदांचं मी बघतो. बॉडी घेऊन घरी येतो. तुम्ही जीप काढा आणि बेडशाहून आईला आणा. पण सांगू नका. सिरियस आहे, एवढंच म्हणा."

असंच करतात. म्हाताऱ्या माणसाला घरी आणायचं, चार बायका जवळ बसवायच्या, मग सांगायचं. रतन पवनानगरहून प्रवासी जीप चालवायचा. दुसऱ्यांची माणसं त्यानं अशी कितीतरी वेळा आणली होती. वाटभर तो तेच वाक्य म्हणत आला. रेणुकाची तब्येत बिघडलीय, सिरियस हाय, चला.

चंपाबाई शेजारच्या यशोधराच्या पडवीत झोपाळ्यावर बसली होती. दोन्ही कड्या घट्ट धरून जोरजोरात झोके घेत होती. शनिवारी रेणुका तिला हर्णैला नेणार होती, बोटीतून डॉल्फिन बघायला. बोट हलते, मळमळतं, असं लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हापासून सत्तरीची म्हातारी रोज सराव करत होती.

"जयभीम, जावईबापू! बघा, धा मिन्टं झाली, पोटात कायबी ढवळत न्हाई. पयल्या दिशी वकले हुते, इचारा हिला."

"मला पडवी धुवायला लावली मावशीनं," यशोधरा म्हणाली.

"गप गं. समुद्रात कोन धुवायला लावतंय?" चंपाबाईनं पाय टेकवून झोपाळा थांबवला. तिचं लक्ष जीपकडे गेलं. "आन् आज कसं आला? शनवार म्हनली हुती ती. आजच निघायचं व्हय?"

वाक्य तयार होतं. पण रतनच्या तोंडातून आलं, "व्हय."

"अगं बया! मग रेणुका कुटंय?"

"घरी. तुमाला न्यायला आलोय, मामी."

दुपारपर्यंत रेणुका घरी येणारच होती. आपण खोटं तरी काय बोललो, असं रतनला वाटलं. आणि ते वाटल्याची त्याला लाज वाटली.

चंपाबाई लगबगीनं आपल्या घरात गेली. तेवढ्यात यशोधराचा फोन वाजला. आकाशचा होता. ती ऐकत राहिली. तिनं रतनकडे बघितलं. रतननं मान हलवली. यशोधरानं तोंडावर पदर दाबला आणि आळीतल्या तीन दारांशी जाऊन आली.

चंपाबाई नवं लुगडं नेसून आली. डोळ्यांवर काळा गॉगल, रेणुकानं घेऊन दिलेला. हातात दोन पिशव्या.

"ही माजी. आन् ही माशांची." दुसरीत चुरमुरे होते. "डॉल्फिन चुरमुरं खातो का म्हनून परवा रेणुकाला इचारलं, तर नुसती हसतीया. आता आपुन घालूनच बघू."

रतनही परवा रेणुकाजवळच होता. फोन हातात धरून रेणुका हसता हसता भिंतीला टेकली होती. त्यानं पिशव्या घेतल्या आणि सीटखाली ठेवल्या.

चंपाबाई मधल्या सीटवर बसली. मागोमाग यशोधरा चढली.

"तू बी येतीस?"

"येते, मावशी."

मग समोरची आली. तिच्यामागे कोपऱ्यावरची. मग तिची जाऊ. कुणी कुणाला बोलावलं नाही, कुणी जागा विचारली नाही. मागची सीट भरली. शेवटी लठ्ठ शांताबाई आली आणि जीप एका बाजूला कलली.

"आगं, बोट बुडवाल माजी!" चंपाबाई खिदळली. "जावईबापू, हिला मदी बशीवा. हिला बघून डॉल्फिन तळाला जातील."

एरवी शांताबाईनं शेराला सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज तिनं फक्त चंपाबाईचा हात धरला आणि सोडलाच नाही.

रतननं जीप काढली. लेण्यांची पाटी मागे पडली. चंपाबाई थोडा वेळ एकटीच बोलली. समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, तिथं बायका कुठं जातात, असलं काहीबाही. मग बोलता बोलता तिनं गॉगल काढला. यशोधराच्या मांडीकडे बघितलं. वळून मागच्या तिघींकडे बघितलं. कोपऱ्यावरचीच्या बोटांना पीठ तसंच वाळलं होतं. त्या बाईनं हात पदराखाली घेतला.

"समुद्राला चाललाय," चंपाबाई म्हणाली, "आन् पिशवी एकीकडंबी न्हाई?"

शांताबाई बाहेर बघायला लागली. बाकीच्या रतनच्या पाठीकडे बघत होत्या. आरशात न बघताही त्याला ते कळत होतं.

"रतन."

जावयाला नावानं हाक मारायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"माजी रेणुका कुटंय?"

रतननं जीप रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि तो मागे वळला. वाटभर पाठ केलेलं वाक्य आता चालणार नव्हतं. खरं सांगायचं बाकी होतं, आणि ते त्यालाच सांगायचं होतं.