रिकामी गोळी

“या गोळ्यांत औषध नाही,” डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “नुसता स्टार्च. आत्याला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही.”

भाचीने मान डोलावली. औषधाविना औषधाचा गुण कसा येतो, हा धडा तिने कॉलेजात नुकताच वाचला होता. आत्याला महिनाभर झोप लागत नव्हती आणि झोपेच्या खऱ्या गोळ्या द्यायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. अट एकच होती. रोज संध्याकाळी जेवणानंतर, गोळी देण्याआधी, औषध शरीरात कुठे जातं, काय करतं, हे आत्याला तासभर समजावून सांगायचं. विश्वास बसला तरच गुण येईल, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर भाचीला एका तासाचीही सवड नव्हती. औषधशास्त्राची तोंडी परीक्षा दीड महिन्यावर आलेली. गेल्या वर्षी लेखी पेपर उत्तम गेला, पण परीक्षकांसमोर जीभ जी टाळूला चिकटली ती सुटलीच नाही. यंदाही तसंच झालं तर फार्मसीला रामराम. पण सहाव्या वर्षापासून ज्या आत्याने पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तिला नाही कसं म्हणायचं?

पहिल्या दिवशी तिने पुस्तक घडाघडा वाचून दाखवलं. आत्याने गोळी परत केली. न कळलेलं औषध मी घेत नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून बोलावं लागलं. आत्याच्या शंकांना अंत नव्हता. गोळीला कसं कळतं कुठे दुखतंय ते? तिला कळत नाही, ती रक्ताबरोबर सगळीकडे हिंडते. जिथे तिचं कुलूप सापडतं तिथे किल्लीसारखी बसते. सुईने थोडंसं औषध पुरतं, मग गोळीत तेच जास्त का घालतात?

भाची म्हणाली, “समज, खाऊचा डबा आधी थोरल्या भावाच्या हाती लागला. धाकट्याला काय मिळणार?”

“उरलंसुरलं.”

“यकृत म्हणजे तो थोरला. आतड्यातून निघालेलं औषध आधी त्याच्याकडे जातं. सुई त्याला चुकवून जाते.”

आत्या पदर तोंडाला लावून हसली. पाण्याबरोबर गोळी घेतली आणि घटकाभरात घोरू लागली. भाचीने वहीत झोपेची वेळ टिपली. तिला भलतंच बरं वाटलं. आपण कुणाला तरी बरं करतोय!

असे चाळीस दिवस गेले. आत्याचा चेहरा टवटवीत दिसू लागला. भाचीला आता संध्याकाळची ओढ लागायची. आज आत्या कुठे अडवेल, याचा विचार ती बसमध्येच करायची.

तोंडी परीक्षेत चष्मेवाल्या परीक्षकांनी विचारलं, “एकाच औषधाचा तोंडी डोस इंजेक्शनपेक्षा मोठा का असतो?”

समोर आत्याच बसली आहे असं ती धरून चालली, आणि थोरल्या भावासकट सगळं सांगून मोकळी झाली. परीक्षक हसले. पुढचे प्रश्न त्यांनी गंमत म्हणूनच विचारले. निकालात ती वर्गात दुसरी आली.

झोपेची वही घेऊन ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई आत पेशंट तपासत होत्या. तिने कंपाउंडरकाकांकडे आत्याचा केसपेपर मागितला. त्यात या नोंदी लावायच्या होत्या. काकांनी सगळा कप्पा धुंडाळला. आत्याच्या नावाचा केसपेपर कधी काढलाच नव्हता, म्हणाले. त्या घरचा हा एवढा एकच आहे.

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर रुग्ण म्हणून भाचीचं नाव होतं. खाली डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या. तक्रार: परीक्षकांसमोर वाचा बसते. औषध: आत्या, रोज एक तास, संध्याकाळी जेवणानंतर.