चार बोटं

सुताराने करवत बाकाच्या पायाला लावली आणि परत उचलली.

“मामंजींनी केलेत ते बाक,” चर्चची फरशी पुसता पुसता बायको म्हणाली. “असे दुसरीकडे कुठे नाहीत, हे तुम्हीच सांगत फिरता.”

“नाहीतच.”

नदीपलीकडचं चर्च पडायला आलं, तेव्हा तिथली मंडळी आपले बाक घेऊन इकडे आली. त्यांचे बाक चार बोटं बुटके निघाले. मिसळून बसा, असं पाळकसाहेब सांगून थकले. पुढे उंच बाकांवर इथले आणि मागे बुटक्यांवर पलीकडचे, हे काही मोडेना. पलीकडचा शिंपी तर म्हणायचा, की आम्हाला पाळकसाहेबांचा आवाज तेवढा ओळखता येतो, चेहरा अजून दिसायचाय.

आमचे बाक कापायचे नाहीत, त्यांचे उचलू, असं सुतारानेच ठणकावून सांगितलं होतं. बुटक्या बाकांखाली ठोकळेही त्यानेच मारले. बाक उंच झाले आणि डुलायला लागले. गेल्या रविवारी गाणं म्हणायला उठताना शिंप्याची म्हातारी आई कलंडली. सुताराने धावत जाऊन तिला सावरलं, तर तिने केस पिकलेल्या त्या माणसाची पाठ थोपटली.

“असू दे रे बाळा. नवीन शिकतोयस ना?”

सगळं चर्च हसलं. सुताराला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

त्याने पायावर पेन्सिलीने रेघ ओढली, गुण्याने काटकोनात तपासली आणि करवत चालवली. मग दुसरा पाय, मग दुसरा बाक. बुटक्या बाकांचे ठोकळे काढले, सगळ्यांना एकच पॉलिश मारलं आणि रांगा मुद्दाम उलटसुलट लावल्या.

रविवारी लोक दारात घुटमळले. आपला बाक कुठला, ते कळेना. शेवटी जागा मिळेल तिथे बसले. म्हातारी मधल्या रांगेत टेकली, बाक दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला आणि मागे वळली.

“शिकलास हो,” ती म्हणाली.

प्रार्थनेला सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सुतार मात्र मागच्या टोकाला ताठ बसून, रंधा मारलेली फळी पारखावी तसा एक डोळा मिटून, बाकांच्या पाठींवरून थेट पुढपर्यंत बघत होता. कुठेही बारीकसा चढ नव्हता.

बायकोने डोळे न उघडताच त्याला कोपर मारलं.

“दोन्ही मिटा.”