हिरड्यांचं रक्त

‘मुँह खोलिए,’ डॉक्टर म्हणाले.

दिवाकररावांनी आधी बायकोकडे पाहिलं. मग तोंडावर हात धरून म्हणाले, ‘इसे बाहर भेजिए.’

प्रतिमा उठली. पाच दिवस ती विजय नगरातल्या घरून दवाखान्यात फेऱ्या घालत होती. दिवाकररावांना अटॅक आला, हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आज सकाळी त्यांच्या उशीवर रक्त दिसलं. तिनेच घाबरून डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. आता हे तिलाच बाहेर जा म्हणत होते.

तिला नवल वाटलं नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आपली गादी पुढच्या खोलीत नेली. जेवायला वेगळे बसू लागले. बोलायचे तेही मान वळवून, हो किंवा नाही एवढंच. तिने पुष्कळदा कारण विचारलं. मग विचारणं सोडलं. हे एकदा घरी आले, हिंडूफिरू लागले, की नागपूरला मुलीकडे कायमचं जायचं, हे तिने कालच ठरवलं होतं.

‘आप बैठिए, दीदी,’ डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि टॉर्च लावला. हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या. दोन दात हलत होते.

‘कब से है ये?’

‘आठ-नौ साल.’

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. हिरड्यांची इतकी जुनी सूज तोंडापुरती राहत नाही, तिचा त्रास रक्तातून नळ्यांनाही होतो, असं त्यांनी समजावलं. ‘अटॅक इसी से आया, ये मैं नहीं कहता. पर ऐसे मरीजों की नसें अक्सर खराब मिलती हैं. दाँत के डॉक्टर को भेजता हूँ.’

ते पुढच्या पेशंटकडे गेले.

‘काहून नाही दाखवलं?’ प्रतिमाने विचारलं. ‘निदान मला तरी सांगायचं.’

‘लाज वाटे.’ दिवाकरराव भिंतीकडे बघत बोलले. ‘रक्त येई. घाण वास येई. माझा मलाच सहन होत नव्हता, तुला कसा झाला असता?’

ती खाटेच्या कडेवर टेकली. ते सवयीने मागे सरकले, पण मागे भिंत होती.

‘अन् मी समजून राहिली होती,’ ती म्हणाली, ‘की तुम्हाला माझीच किळस येते.’